बाया कर्वे : सुईण आणि आई

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात स्त्रियांच्या उद्धाराचे जे प्रयत्न झाले, त्यांची हकीकत सांगू लागले म्हणजे बहुधा संस्थांची नावे पुढे येतात. शारदा सदन, अनाथ बालिकाश्रम, सेवासदन. मग त्यांचे संस्थापक, त्यांचे आश्रयदाते, त्यांच्या इमारती आणि वार्षिक अहवाल. या क्रमात कोणाची काही चूक आहे असे नाही. परंतु ज्या संस्थापकाने आपला पगार संस्थेस वाहिला, त्याच्या घरी चूल कशी पेटत होती, मुलांच्या अंगावर कपडा कोठून येत होता, आणि घरधन्याच्या औदार्याची किंमत महिन्याच्या अखेरीस कोण भरीत होते, हा प्रश्न अहवालात येत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या घरी या प्रश्नाचे उत्तर एका बाईच्या रूपाने वावरत होते. तिचे माहेरचे नाव गोदावरी, विवाहानंतरचे आनंदीबाई, आणि घरात व बाहेर सर्वांच्या तोंडी असलेले नाव बाया.

येथे एक खुलासा केलेला बरा. आनंदीबाई म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी उभ्या राहतात. १८८६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली आणि पुढल्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, त्या निवर्तल्या. त्यांचे चरित्र विजेसारखे आहे. बाया कर्वे यांचे तसे नाही. त्यांचे आयुष्य चौऱ्याऐंशी-पंचाऐंशी वर्षांचे, विद्या बेताची, आणि कीर्ती तर पतीच्या छायेतली. तथापि वैद्यकाच्या कामास हात घालणाऱ्या पहिल्या मराठी स्त्रियांची गणना करताना डॉक्टरणींच्या मागे उभ्या असलेल्या या सुईणीला वगळता येणार नाही.

गोदूबाई ही कोकणातील देवरूखच्या बाळकृष्ण केशव जोशी यांची मुलगी. घर गरिबीचे, मुलेबाळे बरीच. आठव्या वर्षी तिचे लग्न नातूंच्या घरी झाले आणि तीन महिन्यांच्या आत तिला वैधव्य आले. ज्या वयात मुली भातुकली खेळतात त्या वयात ती खेळातून कायमची उठली. पुढे वर्षानुवर्षे सासरी राहून तिने घरचे व शेतातले काम उपसले. कोकणातील शेतकाम ज्यांनी पाहिले आहे त्यांस या वाक्याचा अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही. पावसात चिखलात उभे राहून लावणी, मग बेणणी, मग कापणी. शिवाय गोठा, दळण, कांडण, पाणी. बायांच्या अंगी पुढे जो कामाचा झपाटा व जी चिवट प्रकृती दिसून आली ती या वर्षांची कमाई होय. दुःखाने माणूस खचते असे म्हणतात. कष्टाची सवय असलेले माणूस मात्र पुष्कळदा खचण्यास सवड काढू शकत नाही.

तिचा भाऊ नरहरपंत जोशी मुंबईस शिकत होता आणि धोंडोपंत कर्वे यांचा तो स्नेही होता. बहिणीचे आयुष्य असेच संपावे हे त्यास पाहवेना. योगायोग असा की त्याच सुमारास पंडिता रमाबाई अमेरिकेहून परतल्या होत्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. या सदनात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई नातू. विशी उलटून गेलेली, शेतात राबलेली ही बाई मुळाक्षरांपासून शिकू लागली. बुद्धीची चमक दाखवावी असे तिचे शिक्षण नव्हते. पण रमाबाईंच्या सहवासात तिला एक गोष्ट लाभली, ती म्हणजे आपण कोणाच्या दयेवर जगण्यासाठी जन्मलो नाही हा विश्वास. पुढील वर्षी, १८९० च्या नोव्हेंबरात, सदन पुण्यास आले आणि गोदूबाईही पुण्यास आल्या.

१८९१ साली कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. मागे रघुनाथ नावाचा नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याच वर्षी कर्वे फर्गसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. पुनश्च लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा त्यांनी निश्चय केला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण कायद्याच्या पुस्तकात जे चार दशके होते ते ब्राह्मणांच्या आळीत क्वचितच उतरत असे. गोदूबाईंच्या वडिलांनी मुलीचे मत विचारले आणि तिने होकार दिला. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. शारदा सदन उघडल्यास त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष या पक्षाचे होते, त्यामुळे पुण्यात नवदांपत्य अगदीच एकाकी पडले नाही. मुरूडची गोष्ट निराळी. कर्व्यांच्या त्या गावी सभा भरली आणि बहिष्काराचे ठराव झाले. कर्वे गावी आले तर त्यांच्या घरच्यांनीही त्यांस घरात घेऊ नये, असा दंडक पडला. मातोश्रींच्या उंबरठ्यावर मुलाला मज्जाव झाला. या ठरावांविषयी लिहिताना चरित्रकार कर्व्यांच्या धैर्याची वाखाणणी करतात, ती रास्तच आहे. परंतु ज्या सुनेमुळे हे घडले असे गाव म्हणत होते, तिला या ठरावांचा भार किती वाटला असेल, याचाही विचार व्हावयास हवा. पुरुषाला बहिष्कारानंतर कॉलेज होते, मित्रमंडळी होती, व्याख्याने होती. बाईला बहिष्कार रोज विहिरीवर, दारात, हळदीकुंकवाच्या दिवशी भेटतो.

आता या चरित्रातील ज्या भागाकडे इतिहासाने फारसे पाहिलेले नाही तो भाग येतो.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांस त्या काळी दरमहा ७५ रुपये मिळत. साध्या राहणीच्या कुटुंबास ही रक्कम अपुरी नव्हे. पण धोंडोपंतांच्या हातात आलेला पैसा घराकडे वळण्यापूर्वी दुसरीकडे वळत असे. लहानपणच्या गरिबीत कोणी मदत केली ती परत करावयाची, मुरूडच्या फंडास द्यावयाचे, विधवाविवाहाच्या मंडळीस द्यावयाचे, आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाल्यावर तर काय, साठविलेले होते तेही तिकडे गेले. पुढे आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे झाली. आपल्या माघारी मुलांचे काय, असे पत्नीने विचारले तर त्यात लोभ कसला? आठव्या वर्षी विधवा झालेल्या बाईला नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचे काय होते हे पुस्तकातून शिकावयाचे नव्हते. धोंडोपंत जगातील विधवांचा विचार करीत होते. बाया आपल्या घरातील संभाव्य विधवेचा आणि तिच्या लेकरांचा विचार करीत होत्या. दोघांचेही म्हणणे सयुक्तिक होते, आणि म्हणूनच तो तंटा मिटण्यासारखा नव्हता.

बायांनी त्यावर जो उपाय काढला तो त्यांच्या स्वभावाला शोभणारा होता. रडण्यात किंवा रुसण्यात दिवस न घालविता त्यांनी कमावण्याचे ठरविले. पण बाईने कमवावयाचे कसे? मास्तरीण होण्याइतकी विद्या जवळ नव्हती. शिवणकामाने पोट भरते, संसार चालत नाही. राहिला एकच धंदा, ज्याला हिंमत लागते, अंगमेहनत लागते, आणि ज्याची गरज कोणत्याही घरास चुकलेली नाही. विवाहानंतर थोड्याच वर्षांत, पदरी संसार असता, बाया पुणे सोडून नागपुरास गेल्या आणि तेथे सुईणीच्या कामाचे रीतसर शिक्षण घेऊन आल्या.

पुण्याहून नागपूर म्हणजे त्या वेळी भुसावळमार्गे आगगाडीचा लांबलचक प्रवास. पश्चिम महाराष्ट्रातील मनुष्यास नागपूर हे जवळजवळ परमुलुख वाटे. तरीही बाया गेल्या. या शिक्षणाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळी बाळंतपण म्हणजे काय होते हे थोडे सांगितले पाहिजे.

नागपूरच्या दक्षिणेस हैदराबादकडे जाणाऱ्या वाटेवर, शंभर मैलांच्या आसपास, केळापूर आहे. आज तो यवतमाळ जिल्ह्यातील तालुका. १९०५ पूर्वी या जिल्ह्यास वणी जिल्हा म्हणत. काळ्या जमिनीचा, कपाशीचा, गोंड व कोलाम वस्तीचा हा मुलूख. केळापूर येथे जगदंबेचे प्रसिद्ध देऊळ आहे. अशा गावी १८९५ च्या सुमारास एखाद्या बाईस कळा सुरू झाल्या तर तिच्या जवळ कोण असे? घरातील वडीलधाऱ्या बाया, आणि गावची सुईण. ही सुईण बहुधा अस्पृश्य मानलेल्या किंवा हलक्या गणलेल्या जातीची, पिढीजात, अनुभवी आणि अक्षरशत्रू. तिच्या हाताला अनुभवाचे शहाणपण असे यात शंका नाही. अडलेले बाळंतपण केवळ हाताच्या कौशल्याने मोकळे करणाऱ्या सुइणींच्या गोष्टी प्रत्येक गावात सांगतात. पण त्याच हाताला आदल्या घरचा रोग चिकटलेला असे, आणि तो डोळ्यांना दिसत नसे. बाळाची नाळ कापावयाची ती हाती येईल त्या विळ्याने किंवा पात्याने. कापल्यावर तीवर राख किंवा शेणमाती लावावयाची. आठवड्याच्या आत मूल अंग ताठवू लागे, दूध तोंडात घेईनासे होई, आणि दगावे. लोक म्हणत, सटवीने नेले. वास्तविक तो धनुर्वात असे. मातीत व शेणात ज्याचे बीज असते तो हा जंतू जपानचे किटासाटो यांनी १८८९ साली, म्हणजे गोदूबाई शारदा सदनात अक्षरे गिरवीत होत्या त्याच वर्षी, प्रथम वेगळा काढून दाखविला. ही वार्ता केळापूरच्या सुईणीपर्यंत पोहोचण्यास आणखी किती वर्षे लागली असतील याचा हिशेब कोण ठेवणार!

आणि आई? तिला बाळंतरोग होई. व्हिएन्नाचे डॉक्टर झेमेलवाइस यांनी १८४७ सालीच दाखविले होते की प्रसूती करविणाऱ्याने हात नीट धुतले तर बाळंतज्वराने मरणाऱ्या बायांची संख्या झपाट्याने उतरते. त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांची टवाळी केली. तेव्हा हात धुण्याच्या बाबतीत मागासलेपण केवळ आमच्या खेड्यांचे नव्हते. युरोपातील पंडितांनाही ते पटावयास दोन-तीन दशके लागली. लिस्टरच्या कार्बोलिकचा प्रसार झाल्यावरच प्रसूतिगृहे खऱ्या अर्थाने सुरक्षित होऊ लागली.

हिंदुस्थानात या कामास चालना मिळाली ती १८८५ साली, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी काढलेल्या फंडामुळे. स्त्रियांना स्त्रियांकडून वैद्यकीय मदत मिळावी, त्यासाठी डॉक्टरणी, नर्सेस व सुइणी तयार कराव्या, हा त्याचा हेतू. शहरोशहरी डफरीनचे नाव असलेली स्त्रियांची इस्पितळे निघाली. त्यांच्या हकिगतीत नेहमी एकच तक्रार आढळते : शिकावयास बायका मिळत नाहीत. न मिळण्याचे कारण उघड होते. बाळंतिणीस दहा दिवस सोयर असते; तिचे रक्त, तिची वस्त्रे, तिची वार यांना हात लावणे हे विटाळाचे काम. वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातीच्या स्त्रीने ते दुसऱ्याच्या घरी जाऊन, आणि त्यातही पैसे घेऊन करणे, म्हणजे कुळास काळिमा. म्हणून हे काम एक तर पिढीजात सुईण करी किंवा ख्रिस्ती मिशनची बाई करी.

अशा परिस्थितीत कॉलेजातील प्रोफेसराची चित्पावन पत्नी हे काम शिकावयास जाते, ही गोष्ट साधी नव्हे. एका परीने पाहता मुरूडच्या ठरावांनीच तिला ही मोकळीक दिली होती. ज्यांनी जातीबाहेर टाकले त्यांच्या विटाळाची भीती ती का बाळगील? पुनर्विवाह करून जी एकदा रेषेपलीकडे गेली, तिला सुईणीची पिशवी उचलताना दुसऱ्यांदा रेषा ओलांडावी लागली नाही. समाजाने दंड म्हणून जे दिले त्याचे तिने साधन केले.

नागपूरचे शिक्षण पुरे करून बाया परतल्या आणि पुण्यात त्यांनी सुईणीचे काम करून संसारास हातभार लावला. सुईणीचा दिवस घड्याळाप्रमाणे चालत नाही. मूल रात्री दोन वाजता येते, भर पावसात येते, आपल्या स्वतःच्या घरी कोणी आजारी असता येते. बोलावणे आले की उठावयाचे. पाणी उकळावयाचे, नखे कापलेली ठेवावयाची, हात घासून धुवावयाचे, कात्री व दोरा उकळून घ्यावयाचा; अंधाऱ्या खोलीत शेगडीच्या धुरात तासन्‌तास बसावयाचे; आणि ‘मुलगी झाली’ हे वाक्य उच्चारताना घरच्यांचे चेहरे उतरलेले पाहावयाचे. पुनः पहाटे घरी येऊन आपल्या मुलांची न्याहारी करावयाची. अशी कामे करणाऱ्या बायांचा जमाखर्च कोणी ठेवीत नाही. त्यांच्या हातून जगात आलेली मुले मोठी होतात, वकील होतात, मामलेदार होतात. पहिला श्वास घेताना आपल्याला कोणी उलटे धरले होते हे त्यांस ठाऊक नसते.

हे सर्व चालले असता पुण्यावर प्लेग आला. १८९७ च्या त्या वर्षाने पुणे शहर उद्ध्वस्त केले. सावित्रीबाई फुले प्लेगने पीडित मुलास दवाखान्यात पोहोचवून त्याच रोगाने १० मार्च रोजी वारल्या. शुश्रूषेचे काम आणि मरणाचे सान्निध्य किती जवळचे होते याची तेव्हा घरोघर प्रचीती आली. अनाथ बालिकाश्रमासही जागा बदलणे भाग पडले. गणेश गोविंद गोखले यांनी पुण्यापासून चार मैलांवर हिंगणे येथे सहा एकर जमीन व ७५० रुपये दिले, आणि १९०० साली ५०० रुपये खर्चून बांधलेल्या झोपडीत आश्रम गेला. त्या झोपडीची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. कर्वे रोज कॉलेजचे काम आटोपून हिंगण्यास पायी जात, अंधारातून, चिखलातून, काखोटीस आश्रमाचे सामान मारून.

या कथेत जी व्यक्ती नाही तिच्याविषयी बोलले पाहिजे. त्या आश्रमात संस्थापकाच्या पत्नीस स्थान नव्हते. कारण ऐकून आजच्या माणसास आश्चर्य वाटेल. आश्रम विधवांसाठी होता आणि बाया पुनर्विवाहित होत्या. आपल्या विधवा मुली आश्रमात पाठविणारे पालक सनातनी. तेथे मुलींची लग्ने लावतात असा संशय जरी आला तरी ते मुलींस काढून नेतील अशी धास्ती होती. शारदा सदनाची हानी अशाच संशयाने झालेली कर्व्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तेथे तो संशय धर्मांतराचा होता. म्हणून पुनर्विवाहाचे कार्य आणि आश्रमाचे कार्य त्यांनी बुद्धिपुरस्सर वेगळे ठेवले, आणि त्या भिंतीच्या पलीकडे स्वतःची पत्नी ठेवली. बाया शहरात, धोंडोपंत हिंगण्यात. बाया आश्रमात गेल्या तरी पंक्तिभेद होता. पहिली विधवा म्हणून जिने शारदा सदनाचे दार उघडले, जिच्याशी विवाह केल्यामुळे कर्वे विधवांचे कैवारी म्हणून महाराष्ट्रास ठाऊक झाले, तिच्यासाठी विधवांच्या आश्रमात पाट मांडता येत नव्हता. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, ती मात्र विधवा राहिली म्हणून आश्रमाचा आधारस्तंभ होऊ शकली, आणि पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आली. एकाच आईच्या दोन मुली, एक आत, एक बाहेर.

कर्व्यांचे धोरण संस्थेच्या दृष्टीने बरोबर ठरले, हे नाकारता येत नाही. आश्रम टिकला, वाढला. १९०७ साली महिला विद्यालय आणि १९१६ साली महिला विद्यापीठ त्यातूनच उभे राहिले. पण धोरण बरोबर ठरले म्हणून अन्याय झाला नाही असे होत नाही. बायांना तो अन्याय झोंबला आणि त्यांनी तो लपविला नाही. ‘माझे पुराण’ हे त्यांचे आत्मकथन १९४४ साली प्रसिद्ध झाले. ते सून कावेरीबाईंच्या हातून सिद्ध झाले. साध्वीने सर्व गोड मानून घ्यावे ही जी आपल्याकडील चरित्रांची रीत, ती त्या पुस्तकात पाळलेली नाही. नवऱ्याविषयी आदर आहे आणि तक्रारही आहे. मराठीत पत्नींनी लिहिलेल्या आठवणींत रमाबाई रानड्यांचे पुस्तक भक्तीचे आहे. बायांचे हिशेबाचे आहे. दोहोंचीही गरज होती, परंतु दुसऱ्या प्रकारची फारच थोडी लिहिली गेली.

बायांची सून, ‘युगान्त’कर्त्या इरावतीबाई कर्वे, यांनी पुढे सासऱ्यांविषयी लिहिताना एक मार्मिक गोष्ट नमूद केली आहे. अशा पुरुषाची आपण सून आहोत याचा त्यांस अभिमान होता. पण आपण त्यांच्या पत्नी नव्हतो हे आपले भाग्य, असेही त्यांनी म्हटले आहे. सासूच्या पन्नास वर्षांच्या संसाराचे याहून नेमके वर्णन शंभर पानांत होणार नाही.

आईपणाचे तरी काय सांगावे? घरात आल्या तेव्हा अकरा वर्षांचा सावत्र मुलगा वाट पाहत होता. मग शंकर, दिनकर व भास्कर हे तीन मुलगे झाले. शिवाय पुनर्विवाहितांची मुले. ज्यांच्या आईबापांस नातलगांनी टाकले त्या मुलांस शिक्षणासाठी राहावयास घर पाहिजे होते, आणि ते घर बायांचेच असे. किती ताटे मांडावयाची हे सकाळी ठाऊक नसे. आलेल्या सगळ्यांना सारखे वाढावयाचे, सारखे रागे भरावयाचे. त्यांचा स्वभाव तोंडाळ होता असे म्हणतात. एवढ्या पोरांच्या घरात मुकी बाई काय करणार?

मुलांनी आईचे नाव राखले. शंकर डॉक्टर झाले आणि आफ्रिकेत मोंबासा येथे स्थायिक होऊन तेथील हिंदी लोकांत मान्यता पावले. दिनकर जर्मनीहून रसायनशास्त्र शिकून आले व फर्गसन कॉलेजचे प्राचार्य झाले. भास्कर हिंगण्याच्या संस्थेतच राहिले. सुईणीच्या मुलांपैकी एकाने तरी वैद्यकी पत्करावी हे योग्यच झाले. आणि रघुनाथ? त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी पुढे नोकरी गमावली, आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. खटले सोसले, दंड भरले. सावत्र आईने मुलांना जगात आणण्याचे काम केले, मुलाने ती किती यावी हे आईबापांच्या हाती असावे असे सांगितले. एकाच घरातील या दोन उद्योगांत विरोध आहे असे ज्यास वाटेल त्याने एखाद्या अनुभवी सुईणीस विचारून पाहावे. आठव्या-नवव्या बाळंतपणास बसलेली पंडुरोगी बाई जिने पाहिली असेल ती कोणाची बाजू घेईल हे सांगण्यास शास्त्र नको.

बायांच्या नंतर महाराष्ट्रात या धंद्याचे स्वरूप पालटत गेले. १९०९ साली पुण्यास सेवासदन निघाले आणि रमाबाई रानडे यांनी विधवांस ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठविण्याचा उपक्रम केला. तेव्हाही घरोघरची समजूत घालावी लागली, मुलींना धीर द्यावा लागला, वेगळे वसतिगृह काढावे लागले. रमाबाईंच्या या कार्यास इतिहासात स्थान मिळाले ते योग्यच आहे; मात्र त्याच्या पुष्कळच आधी एक बाई कोणत्याही वसतिगृहाच्या आधारावाचून, कोणाच्या समजुतीची वाट न पाहता, स्वतःच्या गरजेपोटी तेच काम शिकून आली होती. १९०३ च्या सुमारास लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया राणीच्या नावे फंड काढून गावच्या पिढीजात दाईंनाच स्वच्छतेचे शिक्षण देण्यास आरंभ केला. यातून केळापूरसारख्या दूरच्या तालुक्यांत उकळलेल्या कात्रीचे ज्ञान हळूहळू, पिढ्यापिढ्यांच्या अंतराने, झिरपत गेले. हिंदुस्थान स्वतंत्र झाला त्याच वर्षी, १९४७ साली, परिचारिका व सुइणी यांच्या शिक्षणासाठी अखिल भारतीय मंडळ स्थापण्याचा कायदा झाला. ज्या धंद्यास एके काळी विटाळ म्हणत त्यास आता नोंदवही, परीक्षा आणि पदवी आली.

उत्तर वयात बायांची आणि आश्रमाची दिलजमाई झाली. काळ पालटला होता. पुनर्विवाहित बाईच्या सावलीने संस्था कोसळेल ही धास्ती कोणास राहिली नव्हती. जे दार त्यांस वर्षानुवर्षे बंद होते त्याच संस्थेसाठी त्या गावोगाव हिंडून वर्गणी जमवू लागल्या. यात क्षमा किती आणि केवळ रिकामे न बसण्याची खोड किती, हे ठरविणे कठीण आहे. ज्यांच्या हातांना जन्मभर काम होते त्यांना म्हातारपणी हात मांडीवर ठेवून बसावयास सांगणे ही शिक्षाच. धोंडोपंतही तसेच; वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, त्यांनी खेड्यातील प्राथमिक शिक्षणासाठी आणखी एक मंडळ काढले आणि गावोगाव फिरून निधी मागू लागले. घरात दोन म्हातारी माणसे आणि दोघांच्याही हातात पावतीपुस्तक, असा तो संसार होता.

१९५० साली बाया हिंगण्यात वारल्या. आठव्या वर्षी ज्यांचे आयुष्य संपले असे लोकांनी ठरविले होते, त्या त्यानंतर तीन पाव शतक जगल्या. धोंडोपंत मागे राहिले. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न ही पदवी मिळाली, आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले. हिंगण्याची ती झोपडी आज आदराने जतन केलेली आहे व महाराष्ट्रातून लोक ती पाहावयास येतात. संस्थेने बायांच्या नावे एक पुरस्कार ठेवला असून समाजासाठी झटणाऱ्या स्त्रीस तो दिला जातो. पुण्यात ज्या घरी बोलावणे येताच त्या रात्री-अपरात्री पिशवी घेऊन गेल्या, त्या घरांची यादी कोणाकडे नाही.